परदेशातल्या गरजू शाळेला जुने संगणक पाठवायचे असतील तर

एखाद्या कचेरीतले वीस-पंचवीस लॅपटॉप बदलले जातात. जुने अजून चालत असतात, म्हणून ते परदेशातल्या एखाद्या गरजू शाळेला द्यावेत असं कुणीतरी सुचवतं. विचार चांगलाच आहे. पण त्या उत्साहात लगेच खोकी भरायला घेतली की पुढचं चित्र बहुतेक वेळा ठरलेलं असतं: माल बंदरात अडकतो, किंवा शाळेत पोहोचून कुलूपबंद खोलीत पडतो, किंवा चालू केल्यावर प्रत्येक लॅपटॉप जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो. तिन्ही वेळा चूक एकच झालेली असते. कामाची सुरुवात देणाऱ्याच्या गोदामातून होते. ती शाळेच्या खोलीतून करायची आणि तिथून उलट मागे यायचं. इथे त्याच क्रमाने सांगितलं आहे.

आधी शाळेला विचारा

शाळेकडून, किंवा तिथे काम करणाऱ्या स्थानिक संस्थेकडून, ही माहिती लेखी घ्या: वीज रोज किती तास असते आणि कोणत्या वेळी जाते, खोलीला पक्कं छप्पर आणि खिडक्यांना गज आहेत का, एका तुकडीत मुलं किती, शिकवण्याची भाषा कोणती, इंटरनेट असल्यास महिन्याला किती डेटा परवडतो. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: संगणक शिकवणार कोण, आणि त्या शिक्षकाची बदली झाली तर त्याच्या जागी कोण? दोन नावं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. खोलीचे आणि विजेच्या बोर्डाचे फोटोही मागवा. सगळ्या खोलीला एकच सॉकेट आहे आणि त्याला आर्थिंगची तार नाही, ही गोष्ट पत्रात कुणी लिहीत नाही, फोटोत मात्र दिसते.

विजेचा हिशेब कागदावर करा. लॅपटॉप साधारण ३० वॅट घेतो असं धरलं तर वीस लॅपटॉप ६०० वॅट घेतात; दिवसाला पाच तास चालवले तर तीन युनिट लागतात. तेच वीस डेस्कटॉप मॉनिटरसह प्रत्येकी ८० वॅट धरले तर १६०० वॅट आणि आठ युनिट. शाळा सौरऊर्जेवर असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. दिवसाला साडेचार तास पूर्ण ऊन मिळतं आणि तीस टक्के वीज बॅटरी, इन्व्हर्टर वगैरेंत वाया जाते असं मानलं, तर लॅपटॉपसाठी सुमारे एक किलोवॅटची पॅनेल पुरतात. डेस्कटॉपसाठी अडीच किलोवॅटच्या पुढे जावं लागतं आणि बॅटऱ्यांचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. वीज मध्येच गेली तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो, डेस्कटॉपला यूपीएस लागतो. म्हणून विजेचा भरवसा नसेल तिथे डेस्कटॉप फुकट मिळाले तरी ते महागच पडतात.

यंत्रं पोहोचली म्हणजे शिक्षण सुधारलं असं होत नाही. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या मोहिमेखाली पेरूच्या ग्रामीण भागात लॅपटॉप वाटले गेले. तिथल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकांचं प्रमाण दर मुलामागे ०.१२ वरून १.१८ पर्यंत गेलं होतं, पण गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे पैसे मोजके असतील तर तीसऐवजी पंधरा लॅपटॉप पाठवा आणि उरलेली रक्कम शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि देखभालीवर लावा.

माल त्या देशात शिरेल का

इथे घाई केली तर सगळं अडतं. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा बाझल करार १९८९ साली झाला आणि १९९२ पासून अमलात आला. १ जानेवारी २०२५ पासून त्यातली दुरुस्ती लागू झाली. आता घातक असो वा नसो, इलेक्ट्रॉनिक कचरा दुसऱ्या देशात नेण्याआधी त्या देशाची पूर्वसंमती लागते. आफ्रिकेत घातक कचरा आणायलाच मनाई करणारा बामाको करारही १९९८ पासून लागू आहे. चालू स्थितीतला, तपासलेला संगणक हा कचरा नाही, ती वापरलेली वस्तू आहे. मात्र तसं सिद्ध करणं पाठवणाऱ्याचं काम आहे. तपासणीची नोंद नसलेलं आणि धड न बांधलेलं खोकं सीमाशुल्क अधिकाऱ्याने कचरा ठरवलं तर त्याला दोष देता येत नाही. 'दान' असं लिहून भंगार पाठवण्याचे प्रकार या क्षेत्रात भरपूर झाले आहेत.

त्या देशातल्या क्लिअरिंग एजंटला (सीमाशुल्कातून माल सोडवून देणाऱ्याला) माल निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. वापरलेले संगणक आणायला परवानगी आहे का आणि वयाची अट आहे का? निघण्याआधी कुठल्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं का? शिक्षणासाठीच्या दानाला शुल्कमाफी आहे का, आणि ती कुणाच्या नावावर मिळते? बंदरात माल किती दिवस विनाशुल्क ठेवता येतो? माफी बहुधा आपोआप मिळत नाही. शाळेने किंवा नोंदणीकृत संस्थेने शिक्षण खात्याच्या शिफारशीसह आधी अर्ज करावा लागतो आणि त्याला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात. माल आधी पोहोचला आणि माफीचं पत्र मागून आलं, तर मधल्या दिवसांचं बंदरातलं भाडं लॅपटॉपच्या किमतीच्या वर जाऊ शकतं. पत्र हातात आल्याशिवाय जहाजात जागा बुक करू नका.

तीसेक यंत्रांपेक्षा कमी माल असेल तर हा सगळा व्याप स्वतः करण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधली कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल, अमेरिकेतली वर्ल्ड कॉम्प्युटर एक्सचेंज, बेल्जियममधली क्लोज द गॅप अशा संस्थांनी नेमकं याच कामात अनुभव मिळवला आहे. लॅबडू या स्वयंसेवी जाळ्याची पद्धत वेगळी आहे: प्रत्येक लॅपटॉपला क्रमांक दिला जातो आणि त्या भागात एरवीही जाणारा प्रवासी तो सोबत घेऊन जातो. संस्थेला देण्यापूर्वी विचारा की बिघडलेल्या यंत्रांचं ती काय करते आणि माहिती पुसल्याचं प्रमाणपत्र देते का. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी संस्था शोधा.

काय पाठवायचं, काय इथेच थांबवायचं

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यामुळे आता पहिली चाळणी विंडोज ११ ची. त्यासाठी टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचे बहुतांश आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. ही अट पूर्ण करणारी यंत्रं विंडोजवर जाऊ शकतात. त्याआधीची ६४ बिटची यंत्रं लिनक्स या मोफत प्रणालीवर उत्तम चालतात, आणि कचेऱ्यांतून सध्या निघणारी चांगली यंत्रं बरीचशी याच गटातली आहेत. ८ जीबी रॅम आणि २४० जीबीचा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) ही समाधानकारक पातळी. ४ जीबीवर हलकं लिनक्स चालतं, पण ब्राउझरची चार पानं उघडली की दम लागतो. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवाच. वेग वाढतो हे खरं, पण खरा फायदा वेगळा आहे: खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

काचेच्या नळीचे जुने मॉनिटर, फुगलेल्या बॅटऱ्या, तडा गेलेले स्क्रीन, बिजागरी सैल झालेले लॅपटॉप, शाई महाग असलेले प्रिंटर आणि 'थोडं काम केलं की चालेल' या सदरातलं सगळं स्थानिक अधिकृत पुनर्वापर केंद्रात द्या. नळीच्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, आणि ते सुरक्षितपणे काढण्याची सोय शाळेजवळ असण्याची शक्यता नाही. क्रोमबुक (गुगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) असेल तर सेटिंगमध्ये त्याचे अपडेट कोणत्या तारखेला संपतात ते पाहा. दोन वर्षंही उरली नसतील तर पाठवू नका.

सुटे भागही असेच. पोत्यात भरलेल्या अनोळखी केबल आणि रॅमच्या पट्ट्या म्हणजे सीमाशुल्काच्या नजरेत कचराच. भाग पाठवायचे तर तपासून आणि यादी करून.

शक्यतो एकाच मॉडेलची यंत्रं पाठवा. वीस सारखे लॅपटॉप असतील तर तीन वर्षांनी चार बंद पडले तरी त्यांच्या भागांवर उरलेले सोळा चालतात. वीस वेगवेगळे असतील तर प्रत्येक बिघाड नवा. वीस यंत्रांमागे दोन पूर्ण जादा यंत्रं, चार चार्जर, दोन एसएसडी, दहा माउस, दहा-बारा सीआर २०३२ या गोल बॅटऱ्या आणि योग्य मापांचे स्क्रू-ड्रायव्हर एवढं सोबत द्या. सर्वांत आधी मोडतात ते चार्जर, त्यांची वायर पिनेपाशी तुटते.

माहिती पुसणं आणि कुलपं काढणं

फाइल खोडणं किंवा झटपट फॉरमॅट म्हणजे पुसणं नव्हे. फिरत्या हार्ड डिस्कवर संपूर्ण पृष्ठभागावर एकदा शून्यं लिहिली की पुरतं. सात-सात वेळा लिहिण्याची जुनी सवय आजच्या डिस्कना लागू नाही. ५०० जीबीच्या डिस्कला सेकंदाला १०० एमबी या वेगाने सुमारे दीड तास लागतो. एनवाइप हे मुक्त साधन पेनड्राइव्हवरून चालवता येतं आणि शेवटी नोंदही देतं. डिस्कमध्ये खराब सेक्टर असतील तर त्यांच्यापर्यंत हे लेखन पोहोचत नाही, तेव्हा अशी डिस्क काढून भोकं पाडून नष्ट करा.

एसएसडीची रीत निराळी. त्यात लिहिलेलं कुठे जाईल हे आतला कंट्रोलर ठरवतो, म्हणून वरून शून्यं लिहिल्यावरही काही कप्प्यांत जुनी माहिती राहू शकते. तिथे ड्राइव्हची स्वतःची सिक्युअर इरेज आज्ञा द्यायची. बऱ्याच यंत्रांच्या बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ती सोय असते आणि बहुधा काही मिनिटांत काम होतं. ड्राइव्ह 'फ्रोझन' असल्याचा संदेश आला तर संगणक एकदा झोपवून पुन्हा जागा करा, बहुतेक वेळा अडथळा निघून जातो.

पुसण्याइतकंच महत्त्वाचं आणि नेमकं विसरलं जाणारं काम म्हणजे कुलपं. बायॉसचा पासवर्ड काढा. कंपनीने यंत्र विंडोज ऑटोपायलट या दुरून ताबा ठेवणाऱ्या सेवेत नोंदवलं असेल तर ती नोंद कंपनीच्या प्रशासकानेच काढावी लागते. नाहीतर विंडोज नव्याने टाकूनही शाळेत पहिल्यांदा इंटरनेट जोडलं की पडद्यावर जुन्या कंपनीचं लॉगिन उभं राहतं. ॲपलच्या यंत्रांचं ॲक्टिव्हेशन लॉक जुन्या मालकाच्या खात्यातून निघतं, क्रोमबुकची नोंद संस्थेच्या कन्सोलमधून. चोरीविरोधी ट्रॅकिंग सेवा बायॉसमध्ये चालू असेल तर तीही सेवा देणाऱ्याला कळवून बंद करून घ्या. प्रत्येक यंत्र नवी प्रणाली टाकून, इंटरनेटला जोडून, एकदा पहिल्यापासून सुरू करून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. कचेरीच्या मालमत्तेची स्टिकरंही खरवडून काढा.

तपासणी आणि तिची नोंद

मेमरीची चाचणी रात्रभर लावून ठेवा, किमान एक पूर्ण फेरी निर्दोष व्हायला हवी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या 'स्मार्ट' नोंदी ठेवते त्यांत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढे 'रॉ' रकान्यात शून्य असावं; तिथे आकडा दिसला आणि वाढत असला तर डिस्क बदला. बॅटरीची सध्याची पूर्ण क्षमता मूळ क्षमतेच्या ६० टक्क्यांखाली असेल तर नवी टाका, आणि एक तास बॅटरीवर व्हिडिओ चालवून खात्री करा. प्रत्येक कळ, प्रत्येक पोर्ट, वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा. पंखा काढून धूळ साफ करा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर बदला, कारण उष्ण प्रदेशात पत्र्याच्या छपराखाली हाच भाग पहिला रडतो.

डेस्कटॉपमधली सीआर २०३२ ही तीन व्होल्टची गोल बॅटरी न बघताच नवी टाका. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. तारीख चुकीची झाली की सुरक्षित संकेतस्थळं प्रमाणपत्राची चूक दाखवून उघडत नाहीत, आणि शिक्षकाला वाटतं इंटरनेटच बंद आहे.

युरोपीय संघाच्या २०१२ च्या इलेक्ट्रॉनिक कचरा निर्देशाच्या सहाव्या परिशिष्टात वापरलेल्या उपकरणांसोबत काय नोंद असावी ते दिलं आहे. माल युरोपातून जात नसला तरी तोच नमुना वापरा: वस्तूचं नाव, ओळख क्रमांक, माहीत असल्यास उत्पादनाचं वर्ष, तपासणी करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या चाचण्या केल्या, निकाल आणि तारीख. ही चिठ्ठी यंत्रावर किंवा खोक्यावर अशी चिकटवा की खोकं न फोडता वाचता येईल.

सॉफ्टवेअर: इंटरनेट नाही असं धरून

एक यंत्र पूर्ण तयार करा, त्याच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, क्लोनझिला या साधनाने घ्या आणि ती बाकीच्यांवर उतरवा. तीच प्रतिमा दोन पेनड्राइव्हवर शाळेला द्या, म्हणजे बिघडलेलं यंत्र अर्ध्या तासात पूर्ववत होतं. विंडोज असेल तर परवान्याचं काम नियमानुसार करा. पायरेटेड प्रत टाकून पाठवणं म्हणजे शाळेला अडचणीत टाकणं. लिनक्समध्ये मिंटची एक्सएफसीई आवृत्ती जुन्या यंत्रांना मानवते. लिब्रेऑफिस, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट, थोड्या मोठ्यांसाठी स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती एवढ्यावर वर्षभराचा अभ्यासक्रम बसतो.

खरी जान एका सर्व्हरमध्ये आहे. जरा दणकट लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, १ टीबीची डिस्क आणि साधा वायफाय राउटर घ्या. त्यावर कोलिब्री हा ऑफलाइन शिक्षणाचा प्रोग्रॅम बसवला की धडे, व्हिडिओ आणि सराव बाकीच्या यंत्रांना ब्राउझरमधून मिळतात, बाहेरचं इंटरनेट लागत नाही. किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या प्रोग्रॅमवर विकिपीडिया ठेवता येतो. चित्रांसह इंग्रजी विकिपीडियाच सुमारे १०० जीबी किंवा त्याहून अधिक भरतो, म्हणून तो इथूनच भरून पाठवा. पण आधी शिकवण्याची भाषा पाहा. शाळा फ्रेंच, पोर्तुगीज किंवा स्वाहिलीत शिकवत असेल तर इंग्रजी धड्यांचा डोंगर काय कामाचा? कीबोर्डही त्याच भाषेच्या मांडणीचा लागेल, निदान कळांवरची स्टिकरं तरी.

व्होल्टेजचा लाल खटका

जुन्या डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायच्या पाठीमागे ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. ११५ वर ठेवून २३० व्होल्टमध्ये लावला तर आतल्या कपॅसिटरवर दुप्पट दाब येऊन धमाका होतो. उलट झालं तर संगणक नुसता चालू होत नाही. खटका योग्य बाजूला करून त्यावर पक्की चिकटपट्टी मारा. लेबलवर १००–२४० लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. लॅपटॉपचे चार्जर बहुतेक याच प्रकारचे असतात. त्यांना फक्त त्या देशाच्या पिनेची वायर लागते. प्लगला लावायचे स्वस्त ॲडॉप्टर देऊ नका. ते सैल होऊन तापतात आणि बऱ्याचदा आर्थिंगही तोडतात. पूर्ण वायरच बदला.

बांधणी, कागद आणि वाट

लॅपटॉप बबल शीटमध्ये गुंडाळून पुस्तकांसारखे उभे ठेवा. आडवे रचले तर खालच्याच्या स्क्रीनवर सगळा भार येतो. दुहेरी पन्हाळीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात चार्जरसकट आठ, म्हणजे वजन वीस किलोच्या आसपास राहतं आणि एक माणूस उचलू शकतो. चार्जर आणि लॅपटॉपवर एकच क्रमांक घाला. मॉनिटर उभे, पडद्याला पडदा लावून, मध्ये पुठ्ठा. समुद्रमार्गे जाताना कंटेनरच्या छताला दव साचून ठिबकतं, म्हणून खोक्यांत सिलिका जेल घाला आणि रचलेल्या थराला प्लास्टिक गुंडाळा. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. तो नसेल तर कीड येण्याच्या भीतीने माल परत पाठवला जाऊ शकतो.

विमानाने पाठवताना लिथियम बॅटऱ्यांचे नियम लागतात. यंत्राच्या आत बसवलेली बॅटरी यूएन ३४८१ या धोकादायक मालाच्या क्रमांकाखाली येते. सुट्या बॅटऱ्या यूएन ३४८० खाली, आणि त्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. प्रवाशाने सोबत नेताना सुटी बॅटरी हातातल्या पिशवीतच ठेवायची. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा अडत नाही, आणि साध्या लॅपटॉपची बहुधा ४० ते ७० वॅट-तासांचीच असते. त्या प्रवाशाजवळ शाळेचं पत्र आणि दानपत्र असू द्या. एका माणसाकडे पाच लॅपटॉप पाहिले की व्यापाराचा संशय येतोच.

कागदांत इन्व्हॉइस, क्रमांकांसह मालाची यादी, दानपत्र, तपासणीच्या नोंदी, माहिती पुसल्याचं प्रमाणपत्र, शुल्कमाफीचं पत्र आणि वाहतुकीचं बिल लागतं. इन्व्हॉइसवर किंमत शून्य लिहू नका. शून्य दिसलं की अधिकारी स्वतःचा अंदाज लावतो आणि तो बहुधा नव्या यंत्राच्या भावाजवळ असतो. वाजवी जुनी किंमत लिहा आणि 'विक्रीसाठी नाही, दान' असा शेरा द्या. लॅपटॉपचा शुल्क वर्गीकरण क्रमांक ८४७१.३०, संगणकाच्या मॉनिटरचा ८५२८.५२. माल घेणाऱ्याचं नाव सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखं हवं, एका ठिकाणी शाळेचं नाव आणि दुसरीकडे मुख्याध्यापकाचं असं नको. बंदरापासून शाळेपर्यंतचं भाडं कोण देणार हेही आधी ठरवा. शेवटच्या दोनशे किलोमीटरचा खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो.

पोहोचल्यानंतर

खोकी उघडताना क्रमांक जुळवून सही घ्या आणि तुटफूट त्याच दिवशी फोटोसह नोंदवा. बसवण्याच्या आठवड्यात दोन्ही शिक्षकांकडून एक यंत्र उघडून, रॅम काढून-बसवून, प्रतिमा पुन्हा उतरवून घ्या. नुसतं दाखवलेलं टिकत नाही. धुळीसाठी कापडी आच्छादनं द्या, पण यंत्र चालू असताना ती काढायची, हे भिंतीवर लिहून लावा. खोलीची किल्ली एकट्या मुख्याध्यापकाकडे राहिली तर वर्ग महिन्यातून दोनदा भरतो. दुसरी किल्ली संगणक शिक्षकाकडे हवी आणि तासिका शाळेच्या वेळापत्रकात छापलेल्या हव्यात.

पहिल्या महिन्यानंतर आणि सहाव्या महिन्यानंतर एकच साधा तक्ता मागवा: किती यंत्रं चालू, किती बंद, बंद का, आठवड्यात किती तास वापर. तीन वर्षांसाठी स्थानिक तंत्रज्ञाचं मानधन बाजूला ठेवा. आणि यंत्रं मेली की कुठे जाणार ते करारातच लिहा: त्या देशातल्या अधिकृत पुनर्वापर केंद्राचं नाव, नेण्याचा खर्च कुणाचा, आणि बॅटऱ्या तोवर कुठल्या कोरड्या पेटीत ठेवायच्या.